आईचं फर्मासी फुलपात्र

नाशिकला लोक गोदावरीसाठी जातात, द्राक्षांसाठी जातात. आम्ही २००३ साली एका फुलपात्रासाठी गेलो.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर आईचे हात थरथरायचे. पेला धरता येईना, दुसऱ्या कुणाला तरी पाजावं लागे. आणि माझ्या आईला पाणी मागणं म्हणजे भीक मागणं. म्हणून तिने पाणीच कमी केलं. डॉक्टर ओरडले, मी ओरडलो, बायकोने हात जोडले. शेवटी म्हणाली, "दोन कानांचं तांब्याचं फुलपात्र करून घेऊ, मग पिते. नाशिकला करतात." तिचं माहेर नाशिकचं. पुण्यातही तांबट आहेत, असं मी सुचवून पाहिलं.

"असतील," ती म्हणाली.

जाणार असाल तर शिवाजीनगरहून सकाळची एशियाड पकडा आणि डावीकडे बसा, दुपारच्या उन्हाचं काय ते पुढे बघता येतं. चंदनापुरी घाटात गाडी दमते, संगमनेरला चहा बरा मिळतो. मी दर थांब्याला बाटली पुढे करायचो. "तहान नाही," म्हणत आई खिडकीबाहेर बघायची. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मला राग येत होता आणि भीतीही वाटत होती.

मुक्काम गंगापूर रोडला मावशीकडे. तुमची मावशी तिथे नसेल तर स्टँडजवळ लॉज आहेत.

संध्याकाळी भांडी बाजारात गेलो. रिक्षा अलीकडेच सोडावी लागते. तांबटाच्या दुकानात पाटी होती: 'फर्मासी माल परत घेतला जाणार नाही.' आमच्या घरी चहा फर्मास होतो, म्हणजे झकास. बाजारात मात्र फर्मासी म्हणजे सांगून करून घेतलेला. दागिना असो, चप्पल असो की कढई. आपण फर्मावायचं, त्यांनी घडवायचं. सांगून केलेली वस्तू चांगलीच निघणार, असं कुणा भोळ्या गिऱ्हाइकाला वाटलं असावं आणि तिथून शब्द चहापर्यंत आला असावा. हा माझा अंदाज; पैज लावू नका.

तांबटाने आईच्या बोटांभोवती तार वळवून माप घेतलं. "नाव घालायचं का, आजी?"

"घालाच. बिननावाचं भांडं कुणीही उचलतं. सुमती लिहा." तांबटाने भाव तयार भांड्याच्या दुप्पट सांगितला. आईने घासाघीस केली नाही, तेव्हाच मला गांभीर्य कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खा. पापड बरोबर येतो, रस्सा जपून मागा. संध्याकाळी फुलपात्र तयार होतं. देखणं, लालबुंद, दोन्ही कान ऐसपैस. पोटावर सुबक अक्षरांत कोरलं होतं: 'कै. सुमती यांचे स्मरणार्थ.'

मी ओरडलो, "अहो, ही काय समोर उभी आहे!"

नाव घालणारे गृहस्थ समोरच्या ओट्यावरून उठून आले. आईकडे बघून त्यांनी टोपी काढली. "माफ करा, ताई. तांब्याच्या भांड्यावर नाव म्हटलं की देवळाला द्यायचंच असतं बघा. हात आपोआप चालतो."

"घासून काढा ते!"

"घासतो की," तांबट म्हणाला. "पण पत्रा पातळ हाय, साहेब. गळलं तर मला बोलायचं नाय. अन् फर्मासी माल..."

"परत घेत नाही, वाचलंय!"

"शरद, गप बस," आई म्हणाली. "मला त्यात पाणी प्यायचंय, वाचायचं नाहीये. भरा हो."

पहिल्यांदा निम्मं पदरावर सांडलं. "कमी भरा," ती म्हणाली. दुसऱ्यांदा दोन्ही कानांत बोटं घातली, कोपरं पोटाला टेकवली आणि थरथरत, खळखळ वाजवत सगळं प्यायली. मी शेजारच्या दुकानात घंटांचे भाव विचारत उभा राहिलो. घंटा घ्यायची नव्हती, डोळे भरले होते.

परतीच्या वाटेवर ती इतकं पाणी प्यायली की कंडक्टरच्या हातापाया पडून मला गाडी मध्येच थांबवावी लागली. अख्खी गाडी माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर बायकोने नाव वाचलं आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. आई मात्र माठापाशी स्टूल टाकून बसायची आणि वाटेल तेव्हा प्यायची. त्या आठवड्यात एकदा ऑफिसातून दमून आलो, पंख्याखाली बसलो. आई भिंतीचा आधार घेत, एका हाताने फुलपात्र छातीशी धरून आली. माठापासून माझ्यापर्यंत फरशीवर पाण्याची रेघ उमटली होती. तळाशी घोटभर उरलं होतं.

"घे," ती म्हणाली. "तू मागायची वाट कशाला बघायची?"