सबनीसांच्या कॅम्परचा चार्जर

ऑल्टरनेटरवर हात ठेवता येत नव्हता. बॉनेट उघडलं तसा वार्निश जळाल्याचा वास आला.

"नवीन बॅटरी टाकल्यापासून असं होतंय," शुभदाताई सबनीस म्हणाल्या. "आधीची पुरत नव्हती. आता पुरते, तर गाडी तापते."

बेंगळुरूच्या येलहंक्यात मंजुनाथ यांचं कॅम्पर बांधायचं वर्कशॉप आहे. पिकअपच्या हौद्यावर झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली केबिन बसवली, की झाला ट्रक कॅम्पर. माझी सगळी नोकरी सरकारी कंपनीत पॉवर सप्लाय डिझाइन करण्यात गेली. रिटायर झाल्यावर मी मंजुनाथकडच्या गाड्यांचं वायरिंग बघते.

सबनीस पतिपत्नी याच कॅम्परमधून पूर्वी खूप हिंडले होते. गाडी चालवायच्या शुभदाताई. मग सबनीसांच्या छातीचे स्नायू कमजोर होत गेले. झोपेत श्वासाला मदत करणारं बायपॅप मशीन आलं आणि हिंडणं थांबलं. आता राणेबेन्नूरजवळ एका मित्राच्या शेतावर तीन रात्री राहून काळवीट बघायचे होते. शेतावर वीज नव्हती. डॉक्टरांनी एका अटीवर परवानगी दिली होती: मशीन रात्रभर चाललं पाहिजे.

तापण्याचं कारण सोपं होतं. इंजिन चालू असताना वीज तयार करतो तो ऑल्टरनेटर. जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी त्याच्याकडून बेताबेतानं करंट घ्यायची. नवी लिथियम बॅटरी मिळेल तेवढा ओढते. मंजुनाथच्या माणसांनी ती जुन्याच रिलेवर, म्हणजे साध्या स्विचवर जोडली होती. तिला आवरणारं मध्ये कोणी नव्हतं. ते काम डीसी-टू-डीसी चार्जर करतो. ठरावीक करंटच घेतो आणि बॅटरीला हव्या त्या व्होल्टेजला देतो.

मी ड्रॉइंग काढलं आणि सबनीसांच्या घरी गेले. ते स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर. आरामखुर्चीत बसून त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला. बोलताना दम लागायचा, म्हणून प्रश्न तुटक.

"चार्जर बंद पडला तर?"

"बॅटरीत दोन रात्रींचा चार्ज असेल."

"बॅटरीच गेली तर?"

फक्त मशीनसाठी एक छोटी वेगळी बॅटरी आणि एकीवरून दुसरीवर नेणारा चेंजओव्हर स्विच असं मी तिथेच ड्रॉइंगवर वाढवलं.

"बरं. आणि परतीची, निगेटिव्ह वायर?"

"चॅसिसमधूनच घेऊ. सगळ्या गाड्यांत तसंच असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पुढचं विचारण्याआधीच मी कागदाची घडी घातली.

काम तीन दिवसांत झालं. बॅटरी आणि चार्जर मागच्या बाकाखाली हलवले. पुढून जाड पॉझिटिव्ह केबल आणली, दोन्ही टोकांना फ्यूज. निगेटिव्ह मात्र हौद्याच्या जवळच्याच एका बोल्टला आवळली, म्हणजे परतीचा करंट चॅसिसमधून, गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. वर्कशॉपमध्ये अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून टेस्ट घेतली. तीस अँपिअर, अगदी स्थिर.

"सरी, ठीक है मॅडम, शुक्रवार को डिलिव्हरी," मंजुनाथ खूश झाले.

"आधी रस्त्यावर टेस्ट. तीही ट्रॅफिकमध्ये."

ऑल्टरनेटरची खरी परीक्षा जॅममध्ये होते. इंजिन मंद, त्यामुळे त्याचा पंखाही मंद, वर एसी आणि दिवे चालू. यासाठी बेंगळुरूपेक्षा चांगली लॅब मला तरी माहीत नाही. आम्ही संध्याकाळी येलहंक्याहून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे निघालो. शुभदाताई स्टिअरिंगवर, मी शेजारी, मांडीवर मीटर. सबनीस हट्टानं बरोबर आले होते, मध्ये बसले होते.

हेब्बाळला गाड्या थांबल्या. दहा मिनिटांत चार्जरच्या डिस्प्लेवर लाल दिवा लागला. चार्जिंग बंद. गाडी हलली की सुरू, थांबली की पुन्हा बंद.

शुभदाताईंनी विचारलं, "म्हणजे जायचं नाही का?"

त्यांचा आवाज फार शांत होता. "पुढे गाडी बाजूला घ्या," मी म्हटलं. सबनीस समोर बघत होते.

पुढे एका पेट्रोलपंपाजवळ गाडी बाजूला घेतली. इंजिन चालू ठेवून, एसी आणि दिवे लावून मी बाकाखाली शिरले. ऑल्टरनेटरकडून तेरा व्होल्टच्या वर निघत होते, चार्जरपाशी साडेअकरा पोचत होते. एवढ्या कमी व्होल्टेजला चार्जर स्वतःला बंद करून घेतो. मधले गेले कुठे? पॉझिटिव्ह केबल मोजली, जेमतेम पाव व्होल्ट. मग निगेटिव्ह. तिथे दीड व्होल्टच्या आसपास. बोल्टला हात लावला तर चटका बसला.

बोल्टखालचा रंग कोणी खरवडलाच नव्हता. रंगातून वीज जात नाही. करंट कसाबसा बोल्टच्या आट्यांतून वाट काढत होता. वर्कशॉपमध्ये इंजिन जोरात होतं, व्होल्टेज जास्त, म्हणून खपून गेलं. बोल्ट आवळणारा मेकॅनिक होता, पण बोल्टची जागा मी निवडली होती आणि ती तपासली मी नव्हती.

बाहेर येऊन मी सबनीसांना सरळ सांगितलं, "परतीच्या वाटेत चूक आहे. तुम्ही विचारलं होतंत. मी उडवून लावलं."

ते हसले. दम घेऊन म्हणाले, "सापडली ना? मग झालं."

मंजुनाथना फोन केला.

"मॅडम, स्वल्प अ‍ॅडजस्ट करो ना. रंग घिसके बोल्ट टाइट कर देंगे."

"नाही. पुढच्या बॅटरीपासून मागेपर्यंत वेगळी निगेटिव्ह केबल. या मशीनच्या भरवशावर माणूस झोपणार आहे."

"सरी. शनिवार को."

शनिवारी तीच गाडी, तोच रस्ता. हेब्बाळ, मग सिल्क बोर्ड. यावेळी जॅम लागला तसं मला बरं वाटलं. अडीच तासांत चार्जर एकदाही थांबला नाही. ऑल्टरनेटर गरम झाला, पण एका आकड्याला पोचून तिथेच राहिला. इलेक्ट्रॉनिक सिटीत आम्ही कॉफी प्यायलो. सबनीसांनी कॅम्परमध्ये मशीन लावून अर्धा तास झोप काढली. शुभदाताई दारात उभ्या राहून मशीनचा आवाज ऐकत होत्या.

पुढच्या आठवड्यात सकाळी त्यांचा मेसेज आला. 'बॅटरी ६१ टक्के. हे रात्रभर झोपले. मीही. आत्ता समोर सात काळवीट आहेत, हे मोजू देत नाहीत, म्हणतात आवाज करू नकोस.'

मी मेसेज दोनदा वाचला आणि बऱ्याच दिवसांनी आरामात नाश्ता केला.

तेव्हापासून माझ्या चेकलिस्टमध्ये पहिली ओळ निगेटिव्हची असते: रंग खरवडला का, आणि स्वतः बघितला का. दुसरी ओळ लिहून ठेवलेली नाही, पण पाळते. गिऱ्हाईक प्रश्न विचारत असेल, तर कागदाची घडी घालायची नाही.