देवळेकरचा फोमचा किल्ला

देवळेकरच्या शर्टाच्या खिशात फॉइलच्या कागदाचा चुरगळलेला गोळा असायचा. पोळ्या गुंडाळतात तोच कागद. कुठे बरा दगड दिसला की गोळा काढून त्यावर दाबायचा, उन्हात धरून बघायचा आणि पुन्हा खिशात. जोगेश्वरीच्या गुंफेत मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते हेच करताना. वाटलं, माणूस चळलाय. मग कळलं, हा आमच्याच बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलाय आणि जन्मभर गोरेगावला सिनेमाचे सेट बांधायचा.

बिल्डिंगचा दिवाळीचा किल्ला मी करायचो. लाल माती, दगड, गोणपाट. शाळा मी चौथीत सोडली, पण किल्ला मला कोणी शिकवलेला नाही आणि कोणाचं ऐकून घ्यायची सवयही नाही. त्या वर्षी आवारात नव्या लाद्या बसल्या आणि सेक्रेटरीबाईंनी फर्मान काढलं, माती आत आणायची नाही. मी म्हटलं, मग किल्ला नाही. घरात जाऊन बसलो.

देवळेकर दारात आला. हातात छपराखाली घालतात तो कडक फोम.

"ऊठ. किल्ला करूया."

"हा किल्ला? ही तर बर्फी."

"बर्फी तर बर्फी. तू ये तर खरा, मेल्या."

गेलो. नाहीतर त्याने एकट्याने केला असता, आणि ते मला चाललं नसतं.

त्याने सुरीने कडे कापले, मग तो खिशातला गोळा त्यांच्यावर दाबत, फिरवत गेला. गोळा फिरला तिथे दगड उठला. मी म्हटलं, आता ऑइलपेंट मार. त्याने एका तुकड्यावर ऑइलपेंटात घालतात ते थिनर टाकलं. फोम विरघळून भोक पडलं.

"बघितलंस? नागड्याला रंग लावायचा नाही. आधी कातडं, मग कपडे."

"मातीला असं होत नाही."

"मातीला तुझी सोसायटी आत घेत नाही."

कातडं म्हणजे सुताराचा पांढरा गोंद, खडूची पूड आणि पाणी, दह्याइतकं दाट. ते ब्रशने फटीफटीत भरायचं, ओलं असतानाच चाळलेली रेती भुरभुरायची, वाळू द्यायचं, मग पुन्हा एक हात. मी घाई केली की म्हणायचा, "दगड आहे रे तो. जरा म्हातारा होऊ दे त्याला." किल्ला झकास झाला. हे मी त्याच्या तोंडावर बोललो नाही.

लाद्यांवर एक डाग नाही, म्हणून सेक्रेटरीबाई खूश. दिवाळीनंतर त्यांनी किल्ला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मीटररूममध्ये ठेवला. पुढच्या दिवाळीला वॉचमनने तो काढला, फडक्याने पुसला, मांडला. चहा निवायच्या आत काम झालं. मातीचा असायचा तेव्हा अख्खी बिल्डिंग मला हात लावायला खाली उतरायची, कोणाचा बुरूज मोठा यावरून भांडायची. आता लोक लिफ्टकडे जाता जाता नजर टाकत आणि वर जात.

"बघ," मी देवळेकरला म्हटलं. "आला तुझा किल्ला. माणसं कुठायत?"

तो तडक वर गेला, करवत घेऊन आला आणि किल्ला कापायला लागला.

सेक्रेटरीबाई धावत आल्या. "काका, काय करताय? इतका चांगला होता."

"चांगला होता म्हणूनच. वाईट असता तर लोकांनी आपणहून नवा केला असता." करवत थांबली नाही. "आम्ही महालसुद्धा शूटिंग संपलं की पाडायचो, बाई. म्हणून तर हात चालू राहिले."

आवाज ऐकून लोक गॅलरीत आले, मग खाली. ज्याला त्याला त्याने एकेक तुकडा दिला, गोंदाची बादली मध्ये ठेवली आणि स्वतः खुर्ची घेऊन बसला. कोणी नारळाची शेंडी दाबून खडक केला, कोणी कंगवा ओढून पायऱ्या. रेतीवरून भांडण लागलं. देवळेकर चहा पीत ऐकत होता, कान भरून. मुख्य दरवाजा वाकडा बसला. मी सरळ करायला उठलो.

"बस रे," तो म्हणाला. "ज्याने केलाय त्याला चार दिवस दिसू दे. पुढच्या वर्षी करेल सरळ."

पुढच्या वर्षी देवळेकर नव्हता. थंडीतच गेला, झोपेत, कोणाला त्रास न देता. दरवाजा सरळ झाला.

आता भाऊबीज झाली की किल्ला मी कापतो. लोक हळहळतात, यंदाचा ठेवूया म्हणतात. करवत लावताना माझाही हात अडतो. तरी ती मी दुसऱ्या कोणाला देत नाही.