नोंदवहीतली नऊ माणसं

आमच्या शेजारणीला सगळी गल्ली पट्टीबाई म्हणते. सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत ती एकोणीस वर्षं जखमा धुऊन पट्ट्या बांधते आहे. समोरून कोणी आलं की ती आधी पायांकडे बघते, मग जमलंच तर तोंडाकडे. एकदा आमच्याकडे जेवायला आली आणि ह्यांच्या टाचेची भेग दिसल्याबरोबर ताट तसंच ठेवून ह्यांना मोरीत नेऊन बसवलं. नावं तिच्या लक्षात राहत नाहीत. पोस्टमन म्हणजे ‘डावा घोटा’, बँकेचा रखवालदार म्हणजे ‘दोन बोटं गेलेला’. नवरा शिंपी आहे. तो कापड कापतो, ही पट्टी कापते आणि घरी आल्यावर दोघं एकमेकांचं बोलणं कापतात. त्यांची आमची भिंत एकच, त्यामुळे हे मला कान न लावताही ऐकू येतं. कान लावला तर जरा स्पष्ट येतं, एवढंच.

तर ह्या बाईच्या हातून एक गुन्हा होत होता आणि तिला तो गुन्हा वाटत नव्हता. नियम असा की रोगी येईल तितक्या वेळा त्याने खिडकीवर केसपेपर काढायचा, मगच नोंदवहीत त्याचं नाव चढणार. खिडकीची रांग दोन तासांची. पाय चिघळलेला माणूस दोन तास उभा राहिला की कालची पट्टी फुकट. म्हणून पट्टीबाई पहिल्या दिवशी तेवढा केसपेपर काढायला लावायची. पुढे जखम भरेपर्यंत, मग दहा दिवस लागोत नाहीतर पाच महिने, माणूस व्हरांड्याच्या दारातून थेट आत. नोंदवहीत मात्र तो एकदाच.

गेल्या वर्षी कळलं की ड्रेसिंगची खोली, रक्ततपासणी आणि बाळंतपणाचा वॉर्ड एका कंपनीला देणार. गल्ली पेटली. निवृत्त शाळामास्तर, आमचे गुरुजी, त्यांनी समिती काढली. सह्या झाल्या, मोर्चा झाला. फलक शिंप्याने शिवले. त्यातल्या एकावर ‘आरोग्य’ उलटं लागलं, ते आम्ही तसंच मिरवलं. पट्टीबाई सरकारी नोकर, तिला सही करायची सोय नव्हती. ती फुटपाथवर उभी राहून कोण लंगडतंय ते बघत होती.

सरकारने लावलेल्या जनसुनावणीला चार दिवस उरले असताना गुरुजी कंपनीचा अहवाल घेऊन शिंप्याच्या दुकानात आले. मीही तिथेच होते, उशीच्या अभ्र्यांचं निमित्त करून. पट्टीबाई कामावरून येऊन चहा घेत बसली होती. गुरुजींनी वाचून दाखवलं: ड्रेसिंगची खोली, रोजचे रोगी सरासरी नऊ. नऊ जणांसाठी खोली चालवणं परवडत नाही, सबब ती बंद करून काम कंपनीच्या शहराबाहेरच्या केंद्रात हलवावं. धडधडीत खोटा आकडा आहे, सुनावणीत ह्याच्या चिंध्या करू, असं म्हणून गुरुजींनी कागद गल्ल्यावर आपटला.

पट्टीबाई म्हणाली, “आकडा बरोबर आहे.”

शिवणयंत्र थांबलं. मग तिने कपाकडे बघत सगळं सांगितलं. गुरुजी खाली बसले. मी अभ्रे विसरले.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाजही नव्हता. शिंपी एरवी चढ्या आवाजात बोलतो, तो हळू बोलत होता, तेव्हाच मला भीती वाटली. सुनावणीत तोंड उघडलंस तर त्याच दिवशी निलंबन, म्हणाला. नोकरीची पाच वर्षं राहिली आहेत, गुरुजी आहेत की बोलायला, तू कशाला मध्ये पडतेस. ती म्हणाली, गुरुजी ओरडू शकतील, पण नऊ का, ते मला एकटीलाच माहीत आहे.

“डाव्या घोट्याला ते केंद्र बारा किलोमीटर पडतं,” ती म्हणाली. “तो जायचा नाही. मग त्याचा पाय कापतील.”

“आणि तुझं काय कापतील?” शिंप्याने विचारलं.

मी स्टूल भिंतीच्या आणखी जवळ घेतलं. पलीकडे दिव्याचा खटका वाजला.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पट्टीबाई माझ्या शेजारी बसली होती. शिंपी मुद्दाम चार रांगा मागे. मंचावर आरोग्य खात्याचे मोठे साहेब आणि कंपनीचा सल्लागार. सल्लागार कोवळा, गोड बोलणारा. आम्हालाही दवाखाना हवाच आहे, पण सरकारचीच नोंदवही नऊ सांगते, असं तो तीनदा म्हणाला. गुरुजी पोटतिडकीने बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले की भावना समजल्या, पण नोंद ती नोंद. आणखी कोणाला काही सांगायचं आहे का?

माझं मनगट दुखायला लागलं, तेव्हा कळलं की ते तिने धरलं आहे. मग तिने ते सोडलं आणि उभी राहिली.

“ती नोंदवही मी लिहिते, साहेब. एकदा आलेला माणूस मी परत लिहीत नाही. काल मी त्रेसष्ट जणांना पट्टी बांधली. लिहिले आठ.”

साहेबांनी चष्मा काढला. हे किती दिवस चाललंय, त्यांनी विचारलं. एकोणीस वर्षं, ती म्हणाली. नियम माहीत होता का? माहीत होता. मागून शिंप्याची खुर्ची करकरली.

सल्लागाराने पुरावा मागितला. पट्टीबाई म्हणाली, भांडारातून माझ्या खोलीला जाणाऱ्या पट्ट्यांचा हिशेब बघा. “नऊच जण येत असतील, तर मी एकेकाला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळते म्हणायचं.” लोक हसले. सल्लागार हसला नाही. त्याने तितक्याच गोडीने विचारलं, की पट्ट्या बाहेर विकल्या जात नसतील कशावरून?

हसू जागच्या जागी मेलं. मी मागे बघितलं. शिंपी उभा राहिला होता आणि त्याच्या हाताला गुरुजी लटकले होते.

पट्टीबाई साहेबांकडे वळली. “चौकशी करा. माझीच करा. उद्या आठ वाजता माझ्या दाराशी माणूस बसवा आणि आठवडाभर मोजा.”

साहेबांनी तसाच हुकूम काढला. एक सरकारी कारकून, एक कंपनीचा माणूस, दाराच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. प्रत्येकाचं नाव लिहायचं ठरलं आणि तिथे पट्टीबाईची पंचाईत झाली, कारण नावं तिला ठाऊकच नव्हती. पाच महिने पाय मांडीवर घेतलेल्या माणसाला ती विचारायची, “भाऊ, तुमचं नाव काय?” माणसं रुसली. डाव्या घोट्याने तर नाव सांगायच्या आधी तिलाच तिचं नाव विचारलं. सात दिवसांत सगळ्यात कमी भरले ते अठ्ठावन्न, रविवारी. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाने बूट काढून आपल्या पायाचा फोड तिला दाखवला, आणि तोही नोंदवहीत चढला.

महिन्याने दोन कागद आले. एक दवाखान्याच्या फलकावर: ड्रेसिंगची खोली कंपनीच्या यादीतून वगळली. रक्ततपासणी आणि बाळंतपणाचा वॉर्ड यादीत कायम. दुसरा घरी आला: नोंदी अपुऱ्या ठेवल्याबद्दल ताकीद, आणि बदली भांडारात.

शिंप्याने तो दोनदा वाचला. मी सांगत होतो, हे वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं मला खिडकीतून दिसलं. त्याने ते गिळलं आणि नोकरी राहिली ना, एवढंच म्हणाला. पट्टीबाईला आता रोगी नसलेल्या खोलीत बसावं लागणार होतं.

सोमवारी ती भांडारात रुजू झाली. दुपारी मी डबा पोचवायचं निमित्त करून गेले. कपाटांच्या मध्ये ती एकटीच, रिकाम्या टेबलाशी. नव्या ड्रेसरने अंदाजानेच दिवसाच्या पट्ट्यांची मागणी पाठवली होती, चाळीस जणांपुरती. पट्टीबाईने चिठ्ठीवरचा आकडा खोडला, त्रेसष्ट केला, खाली सही केली आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाली, “बस, बये. तुझी चप्पल घासतेय.”