विहिरीची काकू समुद्रावर

कडेगावच्या शिवारात कुणालाही विचारा, पोरींना पवायला कोण शिकवतं? शेंबडं पोरसुद्धा सांगेल, अंजनाकाकू. गेली अठरा वर्षं दर उन्हाळ्यात ही बाई आपल्या मळ्यातल्या विहिरीच्या पायरीवर उभी राहते. हातात दोर, दोराच्या टोकाला किंचाळणारी एक पोरगी आणि पोरीच्या पाठीला रिकामा डबा. त्या वेळी पुरुषानं तिकडं फिरकायचं नाही. नवऱ्याला, नानासोलासुद्धा, मोटर चालू करायची तर बांधावरनं हाक मारून विचारावं लागतं. शिकवण्याची पद्धत सरळ. आधी दोर सुटतो, मग डबा, आणि पाचव्या दिवशी मागनं ढकलून द्यायचं. कुणी रडलं-भेकलं तर काकूचं एकच बोलणं, "भ्याचं न्हाई! भित्र्या पोरीनं हितं यायचंच न्हाई." पाणी पाच पुरुष खोल, पण नाकातोंडात पाणी जाण्यापलीकडं आजवर कुणाला काही झालेलं नाही. एवढं नाव कमावल्यावर माणसाचं नाक जरा वर असणारच, त्यात काय चुकलं?

तर यंदा ऊस वेळेत कारखान्याला गेला, भावकीत लग्न नाही, बारसं नाही, असा मोकळा एप्रिल सापडला आणि तिघी मैत्रिणींनी दोन दिवस गुहागरला जायचं ठरवलं. अंजना, माया आणि भामाबाई. मायाचा नवरा फौजेत. त्याच्यासंगं छावण्या फिरता फिरता ती गाडी चालवायला शिकलेली, म्हणजे ड्रायव्हरची कटकट मिटली. भामाबाई दहा वर्षांनी थोरली, सगळ्यांची अक्का. विहिरीवर तीही दरवर्षी यायची, पण पोरींचे कपडे सांभाळायला. "तळ दिसत न्हाई तिथं मी पाय ठेवत न्हाई," हे तिचं ठाम. अठरा वर्षांत तिनं त्या पाण्याला टाच लावली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी घोळ घातला तो पुतणीनं, शिवांजलीनं. 'काकूच्या मासोळ्या' म्हणून मोबाइलवर एक ग्रुप आहे. शिकून गेलेल्या आणि शिकू बघणाऱ्या मिळून साठेक पोरी त्यात आहेत. शिवांजलीनं त्यावर टाकलं, "काकू समुद्रात पवणार! व्हिडिओ येतोय!" झालं, टाळ्यांचा पाऊस. अंजनाला विचारलं तर ती म्हणाली, "त्यात काय एवढं? पाणी ते पाणी." तोंडातनं गेलेला शब्द काय परत घशात जातो होय?

पाटण मागं पडलं, कुंभार्ली घाटात भामाबाईला दोनदा उलटी झाली, चिपळूणला चहा झाला आणि दुपारी सुपारीच्या बागेतल्या एका घरगुती खोलीत तिघींनी पाठ टेकली. अंजनाची पिशवी उचलताना मायाचा हात लचकला.

"काय भरलंयस गं हिच्यात?"

"दोर."

"समुद्रावर दोर?"

"तुमाला पाण्यात घालायचं झालं तर? मोकळं सोडू व्हय?"

माया हसून हसून खाटेवर आडवी झाली. पण अंजनानं खरोखरच तो दोर खांद्यावर टाकला आणि संध्याकाळी किनाऱ्यावर गेली. गेली आणि थबकलीच. याला पायरी नाही, कठडा नाही, समोरची भिंत नाही. मास्तरीणबाईंनी उभं राहायचं तरी कुठं? विहिरीचं पाणी गुमान पडून असतं, तुम्ही जाल तेव्हा तुमचं होतं. हे पाणी आपणहून अंगावर येत होतं, वर आवाज करीत. एक लाट घोट्यापर्यंत आली, परत जाताना टाचेखालची वाळू घेऊन गेली आणि अंजना दोन पावलं मागं सरली.

मायानं मोबाइल धरला. "चल, मार सूर."

"आत्ता नगं. दुपारचा भात अंगावर आलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गढूळ निघालं. दुपारी ऊन फार होतं. दोर तर मायानं केव्हाच दोन सुपारीच्या झाडांना बांधून वर लुगडी वाळत घातली होती. इकडं ग्रुपवर सारखं टिंग टिंग. "काकू, व्हिडिओ?" "काकू, किती लांब गेलात?" अंजनानं मोबाइल उशीखाली सारला. मासळीचं जेवण समोर आलं, पण घास खाली उतरेना. उद्या गावात कुठल्या तोंडानं जायचं? मे महिन्यात पोरींच्या पुढं कशी उभी राहणार मी? हाच विचार भुंग्यासारखा डोकं पोखरत होता.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा तिघी किनाऱ्यावर. अंजना कोरड्या वाळूत बसून राहिली. भामाबाई मात्र लुगडं वर खोचून हळूहळू पाण्यात गेली, गुडघ्यापर्यंत गेली आणि ओरडली, "अगं बया! हितं तर पायाला तळ लागतोय की!" आणि आपली साठीची भामाबाई चक्क पाण्यात बसकण मारून बसली. लाट आली की खिदळायची. मायानं शिट्टी मारली.

जरा वेळानं भामाबाई निथळत वर आली आणि अंजनाशेजारी टेकली.

"अंजने, खरं सांग. भ्यालीस न्हवं?"

"मी? मी भ्याले? अक्का, कुणाला बोलतीयास तू?" अंजना फणकारली. मग तिचे डोळेच भरून आले. "व्हय गं. लय भ्याले. अठरा वर्सं पोरींवर वरडले, भ्याचं न्हाई म्हणून. आता सांगू काय त्यास्नी?"

भामाबाई हसली नाही. "मी अठरा वर्सं भ्यालेच की. मेले का? कपडं सांभाळली तुमची. पर एक सांगती. तुजी ती ढकलायची रीत बघून मी पायरीबी उतरले न्हाई. कुणी नुसता हात धरला असता, तर उतरलेबी असते."

हे बोलणं लागलं. अंजनाला पहिल्यांदा राग आला, मग लाज वाटली. भामाबाईनं हात पुढं केला आणि तो धरून अंजना उठली. चार पावलं, सहा पावलं. लाटेनं गुडघ्यात दणका दिला, काकूचा तोल गेला आणि पाच पुरुष पाण्याची मालकीण वीतभर पाण्यात उताणी पडली. खारं पाणी नाकातनं घशात. खोकली, शिंकली आणि मग जी हसायला लागली ती थांबेचना. पाण्यात असताना कुणाचा दोर सांभाळायचा नाही, हे सुख तिला ठाऊकच नव्हतं.

मायानं सगळं टिपलं होतं. उताणं पडणंसुद्धा. "खोडून टाकू?"

अंजनानं नाक शिंकरलं. "नगं. टाक." आणि मोबाइल तोंडाशी धरून बोलली, "पोरींनो, काकू पवली न्हाई. काकू भ्याली. अक्कानं हात धरला म्हणून पाण्यात गेली."

ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. शिवांजलीनं तर नऊ पाठवली. त्यातच खाली एक बारीकसा निरोप आला, अंकिताचा. गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी काकूनं ओरडून घरी पाठवलेली ही पोरगी वर्षभर ग्रुपवर एक अक्षर बोलली नव्हती.

"काकू, मला पण भीती वाटते. यंदा आले तर चालेल?"

अंजनानं तो निरोप दोनदा वाचला. ओली बोटं मायाच्या पदराला पुसली आणि एकेक अक्षर हुडकत लिहिलं, "ये. चार दिवस आपण दोघी नुसत्या पायरीवर बसू."