वन्सं आणि खुर्चीवरची बाई

सकाळी मी चहाचं आधण ठेवलं होतं. आतल्या खोलीतून ह्यांची हाक आली, "मंगल, जरा ये. ताई गेली बहुतेक." खात्री झाल्याशिवाय कुठलंच वाक्य पुरं न करणारा माणूस, तेव्हाही 'बहुतेक' म्हणाला. मी गॅस बंद करून आत गेले. वन्सं उजव्या कुशीवर होत्या, एक हात गालाखाली. कपाळाला हात लावला तेव्हा कळलं. डोळ्यांत पाणी आलं, पण त्याच्याही आधी आतून कुठूनतरी 'हुश्श' आलं... झालं बाई नीट, असं. पुढचे काही दिवस भेटायला येणारे "सुटल्या बिचाऱ्या" म्हणत आणि माझ्याकडे बघून थांबत. म्हणजे तुम्हीही सुटलात, हे बोलायचं राहिलेलं असे. मी मान हलवायची. वन्सं सुटल्या हे खरंच. पण त्या सकाळी नव्हे, त्याच्या बऱ्याच आधी. ते मी पाहिलं, म्हणून आता, थोडं स्थिरस्थावर झाल्यावर, लिहायला बसले आहे.

कुमुद माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही. पोस्टाच्या खिडकीमागे बसून नोकरी पुरी केली, आणि बोलणंही त्या खिडकीतून आल्यासारखं, नेमकं आणि सुटे पैसे हातात असल्यासारखं. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही सगळे एकत्र राहायचो. तिथेच माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि वर्षानुवर्षं खिळून राहिल्या. दुखणं होतं त्यापेक्षा राग मोठा होता. पाणी दिलं तर गार का, कूस बदलली तर दुखलं, नाही बदलली तर आम्हांला त्यांची पर्वा नाही. आम्ही दोघी नणंदा-भावजया आळीपाळीने करायचो. एकदा चादर बदलताना सासूबाईंनी वन्संचा हात झिडकारला. वन्संनी चादर नीट खोचली, बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "मंगल, मी अशी पडून राहणार नाही. काय वाटेल ते करीन, पण राहणार नाही." सासूबाई गेल्या, पण हे वाक्य वन्संच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

पुढे आम्ही मुलाच्या सोयीने शहराच्या टोकाला, मांजरीला, मोठ्या जागेत आलो. वन्संना चला म्हटलं तर म्हणाल्या, "मला लिफ्टची सवय लावू नका." त्या पेठेतच राहिल्या. गुडघे तर आधीच गेलेले. साखर होती. जिना उतरताना कठड्याला धरून प्रत्येक पायरीवर थांबत, आणि कोणी हात पुढे केला तर त्या हाताकडे अशा बघत की तो आपोआप मागे जाई. शेवटी माझ्या सुनेने, रेवाने, एका भेटीत त्यांच्या टीव्हीवर व्यायामाचे व्हिडिओ लावून दिले. हिंदी सिनेमातली एक नटी, आता वय झालेली पण दिसत नाही अशी, पांढऱ्या भिंतींच्या दालनात उभी राहून व्यायाम शिकवते. मधे ती स्वतः. तिच्या उजवीकडे एक मुलगी तोच व्यायाम उड्या मारून करते, आणि डावीकडे एक जाडसर, पिकल्या केसांची बाई खुर्चीवर बसून. ज्याला जे झेपेल त्याने त्याच्याकडे बघायचं.

वन्संनी हाताची घडी घालून पाच मिनिटं पाहिलं. "हिच्या घरी स्वयंपाकाला माणूस, भाजीला माणूस. हिचे गुडघे का दुखतील?"

"आत्या, तुम्ही त्या खुर्चीवरच्या बाईंकडे बघा ना," रेवा म्हणाली.

"बघत्येय. काम तीच करत्येय. मधली शोभेची आहे."

पण खुर्ची ओढून घेतली. तेव्हापासून ती 'आपली बाई' झाली. फोन केला की आपल्या बाईची खबरबात आधी. "आज आपली बाई दमलेली दिसत होती."

"वन्सं, अहो ते एकदाच काढलेलं असतं. रोज तेच दिसणार."

"असेल. तरी दमली होती."

घोटे फिरवणं, पाय सरळ करून धरणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं. कित्येक महिने गेले. मग एका सकाळी फोन आला, नमस्कार-चमत्कार काही नाही : "मंगल, आज नटीबरोबर उभी राहिले." मला बँकेत जायचं होतं, तरी मी खुर्ची ओढून बसले. त्यांच्या आवाजात आनंद ओळखायला सराव लागत असे, मला होता. त्या वर्षी त्या मंडईतून भाजी घेऊन स्वतः जिना चढून वर गेल्या, मागे मी होते. त्या थांबल्या नाहीत. मी थांबले.

मग गॅलरीतल्या ओल्या फरशीवर पडल्या. मनगट मोडलं. आम्ही मांजरीहून धावत गेलो, तर शेजारच्या बाईंनी त्यांना दवाखान्यात नेऊन प्लास्टर घालून परत आणलंही होतं. ह्यांचा चेहरा उतरला होता. आता ही अंथरुणाला खिळणार, हे आम्ही दोघांनी न बोलता एकमेकांना सांगितलं. चहा घेऊन आत गेले तर वन्सं टीव्हीसमोर खुर्चीत बसून, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून, पाय उचलत होत्या. "परत आपल्या बाईकडे आले," म्हणाल्या. "ओळख ठेवलेली बरी असते." हे हसले. मी मात्र पाहिलं की पाय उचलताना त्यांचे ओठ पांढरे पडले होते, आणि ते दुखण्याने नव्हतं.

त्या भीतीशी त्यांनी अशी अनेक वर्षं सकाळी सकाळी झुंज घेतली. आणि मग जे आलं त्याचा गुडघ्यांशी संबंधच नव्हता. भूक गेली, डोळे पिवळे झाले. डॉक्टर चांगले होते, त्यांनी खुर्ची पुढे ओढून स्पष्ट सांगितलं की आता त्रास कमी ठेवायचा, एवढंच. वन्संनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "चालतं-फिरतं राहता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "जेवढं जमेल तेवढं." त्यांना ते उत्तर कळलं. आम्ही त्यांना मांजरीला आणलं तेव्हा त्या स्वतः गाडीतून उतरल्या, स्वतः लिफ्टमध्ये शिरल्या आणि म्हणाल्या, "चार दिवस राहीन."

एका सकाळी त्यांना उठता येईना. प्रयत्न केला, पुन्हा केला, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मी चहा नेला, तो तसाच राहिला. दुपारी पाणी पुढे केलं तर ओठ मिटून घेतले. मला कळायला वेळ लागला... पाणी प्यायलं तर न्हाणीघरात न्यावं लागेल, न्यावं लागेल तर कुणाला तरी धरावं लागेल. म्हणून पाणीच नको. हे बाहेर बसून राहिले. मी पलंगाजवळ उभी राहून सासूबाईंचे दिवस आठवत होते, आणि खरं सांगायचं तर घाबरले होते. पुन्हा तेच सुरू होणार, आणि या वेळी आळीपाळीला दुसरी बाई नाही.

संध्याकाळी रेवा कामावरून आली. तसाच राहिलेला चहा तिने पाहिला. आपला टॅब आणून वन्संच्या डोळ्यांसमोर भिंतीला टेकवून ठेवला. "आत्या, यांचा एक झोपून करायचा व्हिडिओपण आहे. नुसता बघा." मला वाटलं, हे काय भलतंच! पण पडद्यावर दालन नव्हतं, साधी निजायची खोली होती. पलंगावर नटीची म्हातारी आई. नटी, केस कसेतरी बांधलेले, आईची टाच तळहातावर घेऊन पाय हळूहळू वर नेत होती. "माँ, एक बार और." आई कुरकुरली, "बस कर, सुबह से पीछे पड़ी है." आणि मग काय झालं कोण जाणे, आई खुदकन हसली. नटीलाही हसू आवरेना, तिच्या हातातला पायच हलायला लागला.

व्हिडिओ संपला. वन्सं भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "लेक पायाला हात लावत्येय... आणि आई हसत्येय. असंही असतं होय गं?"

"असतं की, वन्सं."

"आपल्याकडे नव्हतं."

"नव्हतं."

मग त्या कुशीवरून उताण्या झाल्या. "मंगल, पाणी दे. आणि मग मला धर. पण काखेत हात घालून धर, दंड ओढू नकोस."

त्या दिवशी सुटल्या त्या. मी त्यांना धरून नेलं तेव्हा त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते टाकलं होतं. पुढचे काही आठवडे घरात जो हलकेपणा होता तो बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. मी अंग पुसायची, तेव्हा त्या सूचना द्यायच्या. रेवा घोटे फिरवायची. मधूनच टॅबवरच्या त्या उड्या मारणाऱ्या मुलीला पाहून म्हणायच्या, "मार बाई मार. इकडे जागा आहे तुला." दुखायचं, नाही असं नाही, कधी औषधाने थांबायचं, कधी नाही. पण भीती गेली होती. एकदा मी त्यांची वेणी घालत होते, तेव्हा म्हणाल्या, "एवढंच होतं होय? याला मी जन्मभर घाबरले."

थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मंगल, मी आईसारखी नाही ना झाले?"

"नाही हो," मी म्हटलं. "पण वेणीच्या शेंड्यावरून फार कुरकुरता."

त्या हसल्या. पोस्टाच्या खिडकीने असं हसू कधी पाहिलं नसेल. मला सासूबाईंचाही मग राग राहिला नाही. त्यांना कुणी असं काही दाखवलं नव्हतं, आम्हांलाही नव्हतं.

वन्संची खोली आम्ही अजून तशीच ठेवली आहे, म्हणजे मुद्दाम नव्हे, कुणाला हलवावीशी वाटलेली नाही. रविवारी रेवा तिथे जमिनीवर चटई टाकून व्यायाम करते. आणि परवाची गोष्ट. रेवा आणि मी दातांच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. माझा उजवा गुडघा गेले काही महिने रिक्षातून उतरताना दगा देतो, हे मी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. रिक्षा थांबली. मी दांडा घट्ट धरला आणि नेहमीसारखी ओठ आवळून उतरणार, तेवढ्यात माझ्याच तोंडून आलं, "रेवा, जरा हात दे गं."

ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती. बोलणं न थांबवता, माझ्याकडे न बघताच तिने हात पुढे केला. मी तो धरला, उतरले, आणि आम्ही आत गेलो.