वैलावरचं पाणी

बहारीनमध्ये वाळू सोडली तर एकदा वापरून टाकून द्यावी अशी एकही वस्तू नाही, यावर आमच्या वरच्या काकांची अढळ श्रद्धा होती. आणि वाळूबाबतही त्यांचे काही प्रयोग चालू असावेत असा मला संशय आहे. झिंजमधल्या आमच्या इमारतीत ते बरोबर आमच्या डोक्यावर राहत, म्हणून 'वरचे काका'. बायको नाशकात, मुलगा जर्मनीत, आणि काका इथे समुद्रकाठच्या एका जुन्या वीज-पाण्याच्या कारखान्यात इंजिनिअर. वीज आणि पाणी एकाच ठिकाणी कसं तयार होतं, असं कुणी चुकून विचारलं की काका खुर्ची पुढे ओढत आणि विचारणाऱ्याचा चहा गार होत असे. "आग एकदाच पेटवायची. तिच्या वाफेने आधी टर्बाइन फिरवायचं, झाली वीज. टर्बाइन फिरवून दमलेली वाफ बाहेर येते, पण तिच्यात आच शिल्लक असते! त्या आचेवर समुद्राचं पाणी उकळायचं, त्याची वाफ धरून गार करायची. झालं गोडं पाणी. एका आगीवर अख्खं शहर! मफी वेस्ट!" मफी म्हणजे अरबीत 'नाही'. काका तो शब्द आरतीनंतरच्या जयघोषासारखा म्हणत.

कारखान्याचं हे तत्त्व त्यांनी घरी आणलं तिथून आमची करमणूक सुरू झाली. माझ्या पोळ्या संपायच्या सुमारास ते काही ना काही निमित्ताने खाली उतरत आणि गॅस बंद झाला रे झाला की "तवा हलवू नका, आच शिल्लक आहे!" असं ओरडून खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढत. जुलैत उन्हात उभ्या गाडीत इतकी उष्णता फुकट जाते हे त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी गाडीत सांडगी मिरची वाळत घातली. मिरची उत्तम वाळली. पण दुसऱ्याच दिवशी त्यांचे बहारीनी साहेब त्या गाडीत बसले आणि साइटवर पोचेपर्यंत शिंकत राहिले. उतरल्यावर साहेबांनी डोळे पुसत विचारलं, "खलास?" काका नम्रपणे म्हणाले, "नो सर, स्टिल सम इज लेफ्ट." माझी लेक त्यांना 'रीसायकल अंकल' म्हणे. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ती इंग्रजीतच उत्तर देते, पण "आच शिल्लक आहे" हे तीन शब्द मात्र ती त्यांच्याकडून अस्सल नाशिककर थाटात शिकली. उन्हाळ्यात इथे गच्चीवरच्या टाकीमुळे गार नळाला चटका बसेल असं पाणी येतं. तेव्हा गीझर बंद ठेवायचा, त्यात साठलेलं पाणी घरात निवलं की गरम नळातून गार पाणी घ्यायचं, ही युक्तीही त्यांचीच. आम्ही हसलो खूप, पण अंघोळी त्यांच्याच कृपेने झाल्या.

अशा या घरात माझी आई आली. बाबा गेल्यानंतर ती साताऱ्याच्या घरात एकटीच होती. मी एकुलती एक. तिने कायमचं आमच्याकडे यावं म्हणून मी किती मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा कुठे ती व्हिजिट व्हिसावर यायला तयार झाली. "बघते राहून," एवढंच म्हणाली होती. तिचं सोवळं कडक नसलं तरी एक गोष्ट पक्की: उष्टं चालायचं नाही. मी लहानपणी अर्धवट प्यायलेलं पाणीसुद्धा ती तुळशीला घालत नसे, लांब नेऊन ओतत असे. ती आली, देव मांडले, स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मला वाटलं, जमलं.

आणि गुरुवारी आईने वरच्या काकांना जेवायला बोलावलं. काका खूश. पुरणपोळीवर तूप, समोर नवा श्रोता. त्यांनी पाण्याचा पेला उजेडात धरला आणि म्हणाले, "ताई, या पेल्यात काय आहे ठाऊक आहे? उष्टी वाफ!" मग त्यांनी रंगात येऊन सांगितलं, की टर्बाइनने आधी वापरून घेतलेली, म्हणजे एका अर्थी उष्टीच वाफ, सगळ्या शहराची तहान कशी भागवते. आईने उचललेला पेला खाली ठेवला. त्या दिवशी ती तशीच उठली. संध्याकाळी देवापुढचा गडू रिकामा होता. माझ्या नवऱ्याने धावपळ करून डोंगराचं चित्र असलेल्या परदेशी पाण्याच्या बाटल्या आणल्या. डोंगराकडे बघून ती ते पाणी प्यायली, पण त्याने आमटी करवेना आणि देवांना अंघोळ घालवेना. दोन दिवसांनी ती शांतपणे म्हणाली, "माझं तिकीट बघ बाई. नातीला बघितलं, झालं." मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

काकांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. "मी कशाला तो शब्द वापरला!" असं पुटपुटत ते वर गेले आणि तासाभराने एक किटली, रबरी नळी, मिठाच्या पाण्याचं पातेलं आणि परात असा संसार घेऊन खाली आले. किटलीची वाफ नळीतून, नळी पातेल्यातून. पहिल्या प्रयत्नात नळी सुटली आणि माझं स्वयंपाकघर मुहर्रकचा किनारा झालं. दुसऱ्यांदा वाफ नीट खेळली. आई ओट्याला टेकून बघत होती.

"ही वाफ त्या पाण्यात मिसळते?" तिने विचारलं.

"छे हो ताई! ती नळीच्या आत, पाणी बाहेर. नुसती ऊब देते आणि स्वतः पाणी होऊन परत बॉयलरात जाते."

"म्हणजे जाळ एक. पुढे एक काम आणि उरलेल्या धगीवर मागे दुसरं?"

"अगदी बरोबर!"

"अहो, मग वैल म्हणा की सरळ!" आई म्हणाली. "चुलीला बाजूला दुसरं तोंड असतं, तो वैल. चुलीवर भाकरी आणि वैलावर दूध. जन्मभर आमचं दूध वैलावर तापलं. जाळ कधी उष्टा होतो का?"

काकांनी नळी परातीत ठेवली. आयुष्यभर ते साहेबांना, पाहुण्यांना, शाळेच्या सहलींना हे समजावत आले होते आणि हा शब्द त्यांना सुचला नव्हता. "वैल!" ते दोनदा म्हणाले. आईने नळाखाली गडू धरला, भरला आणि देवापुढे नेऊन ठेवला. तिकिटाचं नाव पुन्हा निघालं नाही.

माझी आई आज माझ्या घरात आहे ती या माणसाच्या वेडामुळे. दुसरा कुणी असता तर "सॉरी" म्हणून मोकळा झाला असता. काका किटली घेऊन आले. हे उपकार मी कसे विसरू? त्यानंतर दर गुरुवारी त्यांचं जेवण आमच्याकडे आणि कारखान्याची हकिगत आईपुढे. "आज वैल कसा चालला?" असं ती विचारी, आणि काका घरच्या चुलीविषयी सांगावं तसं सांगत.

मग त्यांचं युनिट निवृत्त झालं आणि पाठोपाठ काकाही. नव्या कारखान्यात समुद्राचं पाणी उकळत नाहीत, जोर लावून पडद्यातून गाळतात. "स्वस्त पडतं, ताई," काका म्हणाले, "पण त्याला वैल नाही."

विमानाच्या दिवशी ते बॅगा खाली ठेवून शेवटचा चहा प्यायला आले. आईने दिलेले लाडू त्यांनी उगाच दोनदा पिशवीत नीट लावले. गाडीचा हॉर्न वाजला, ते उठले, "यल्ला, निघतो ताई," म्हणाले आणि पिशवी उचलली. "जपून जा रे," आई म्हणाली. इतक्या दिवसांत तिने त्यांना पहिल्यांदाच 'रे' म्हटलं.

ते गेल्यावर मी पाहिलं, तर कपात अर्धा चहा तसाच होता. ज्या माणसाने जन्मात शेंगदाण्याचं टरफल वाया घालवलं नाही, त्याने तो मागे टाकला होता. मी कप मोरीकडे नेऊ लागले. आईने तो माझ्या हातातून घेतला, खुर्चीत बसली आणि तोंडाला लावला.

"आई, अगं उष्टा आहे तो!"

"असू दे," ती म्हणाली. "आच शिल्लक आहे त्यात."

चहा तर केव्हाच गार झाला होता.