खालून आलेली ओ

हौसामावशी विहिरीच्या काठावर कधी उभी राहिली नाही. नगरच्या आमच्या कॉलेजातल्या मुलींच्या वसतिगृहामागे बांधीव विहीर होती आणि स्वयंपाकघराकडे जायला तिच्या काठावरून सरळ पायवाट होती. मावशी मात्र सबंध इमारतीला वळसा घालून यायची. आम्ही हसायचो. ती म्हणायची, "हसा बायांनो. भ्या काय गोंदलेलं असतंय व्हय, दिसायला?"

ती मिरजगावकडची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि वसतिगृहातल्या चाळीस मुलींची देखरेख तिच्याकडे आली. नवी मुलगी रडायला लागली की मावशी तिच्याजवळ बसून सांगायची, "भ्या वाटलं तर हाक मारायची. लाजायचं न्हाई."

एका दुपारी तांदूळ निवडताना तिनं मला विहिरीचं कारण सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना गावात दुष्काळ होता. तळाशी साचलेलं वाटी-वाटी पाणी भरायला पोरांना दोरानं विहिरीत सोडायचे. तिला चुलत्यानं सोडलं आणि दोर तुटला. ती चिखलात पडली. काही क्षण तिचा आवाजच फुटेना. पोर मेली असं समजून चुलता घाबरून पळून गेला आणि त्यानं घरी कुणाला सांगितलंच नाही. "सांज होईस्तोवर हाका मारल्या. कुनी ओ दिली न्हाई. मग गुराख्यांनी काढलं."

मी ते जोशी सरांना सांगितलं. सर आमच्या नाट्यमंडळाचे दिग्दर्शक. एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं, बाहेर दुष्काळ होताच. महिन्याभरात सरांनी एकांकिका लिहिली आणि विहिरीत उतरणारी मुलगी मी झाले. मावशीला विचारायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. पहिल्या प्रयोगाला ती शेवटच्या प्रवेशाआधी उठून गेली. दुसऱ्या दिवशी भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "माझं पडनं समद्या नगराला दाखवलंस, सुमन."

एकांकिका गाजली. विद्यार्थ्यांच्या एका नाट्यमहोत्सवासाठी पोलंडहून आमंत्रण आलं. आम्ही सहाजण, त्यांत मुली दोघी. आमच्या घरच्यांनी अट घातली की सोबत बाईमाणूस हवं. अशी पुण्यापलीकडे कधी न गेलेली हौसामावशी नऊवारीवर कुणाचा तरी जुना कोट चढवून विमानात बसली. सगळा प्रवासभर तिनं माझं मनगट सोडलं नाही.

प्रयोग दुपारी चारचा होता. सकाळी नाट्यगृहात गेलो तर प्रेक्षकांच्या बाकड्यांनी रंगमंच चारही बाजूंनी वेढलेला. नगरला मी शेवटी विहिरीचा काठ म्हणून मांडलेल्या चौथऱ्यामागे तीन फूट उडी मारून दिसेनाशी होत असे. इथे मागची बाजूच नव्हती. तिथल्या कामगारानं जमिनीतली एक झडप उघडून दाखवली. खाली तळघर, गुडूप अंधार.

सर हरखले. "हीच आपली विहीर! सुमन, खाली गाद्या घालू. क्षणाचं काम आहे."

कामगारानं गाद्या रचल्या. मी उडी मारली. वरची गादी सरकली आणि माझं डोकं भिंतीपासून चार बोटांवर थांबलं. मी शिडीनं वर आले. सर म्हणाले, "प्रयोगात नीट होईल." नगरहून एवढ्या लांब येऊन नाही कसं म्हणणार? मी मान हलवली.

मावशी बाकावर बसून सगळं पाहत होती. ती उठून झडपेपासून दोन हातांवर येऊन थांबली.

"सर, खाली कोन हाय?"

"कुणी नाही. गाद्या आहेत."

"गादीला हात असत्यात व्हय, पोर धरायला?"

सर काही बोलायच्या आत ती शिडीच्या तोंडाशी बसली होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मावशी, नको," मी म्हणाले. तिनं डोळे मिटून घेतले आणि एकेक पायरी चाचपत ती उतरली. तळघरातला दिवा झडपेतून वर दिसला असता, म्हणून प्रयोगाआधी तो मालवावा लागणार होता. सबंध प्रयोगभर ती अंधारात बसणार होती.

प्रयोग सुरू झाला. त्या चाळीस मिनिटांत माझं लक्ष संवादांत नव्हतं, पायाखालच्या फळ्यांत होतं. खालून काहीच ऐकू येत नव्हतं. तिला चक्कर आली असेल का? शुद्ध तरी असेल का? आणि तिथं तिला मीच पाठवलं होतं, आज नाही, त्या दिवशी सरांजवळ तोंड उघडलं तेव्हाच.

शेवटचा प्रवेश आला. मी दोर धरून झडपेच्या काठावर बसले. खाली पाहिलं आणि माझी मान आखडली. हातातला दोर सुटेना. समोर परक्या देशातले दोनशे चेहरे. कसाबसा शेवटचा संवाद ओठांवर आला: "खाली कुनी हाय का?" एकांकिकेत त्याला उत्तर नव्हतं.

"हाय की गं! मी हाय! ये तू!"

आवाज कापत होता, पण खणखणीत होता. प्रेक्षकांना तो नाटकातलाच वाटला असावा. मी दोर सोडला.

गादी पुन्हा सरकली, पण मी गादीवर पडलेच नाही. मावशीच्या अंगावर पडले. आम्ही दोघी भिंतीवर आदळलो. तिचे दात वाजत होते, लुगडं घामानं भिजलं होतं. वर टाळ्या चालल्या होत्या, सर माझ्या नावानं हाका मारत होते. आम्हा दोघींनाही उठता येत नव्हतं.

"मावशी, मी चुकले. तुमचं ते सरांना सांगायला नको होतं."

"व्हय, चुकलीस," ती म्हणाली. "आता गप बस. माझा हात मोडलाय बहुतेक."

खरंच मोडला होता. पोलंडच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं. परतल्यावर ती विहिरीच्या वाटेनं जायला लागली असं काही झालं नाही. वसतिगृहात होती तोवर ती वळसा घालूनच गेली.

नंतर माझं लग्न झालं, मी नाशकात आले. ती गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. मी मिरजगावला गेले. तिच्या भाच्याच्या बायकोनं दार उघडलं. "तुमी कोन?"

"मी सुमन. वसतिगृहातली."

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तुमीच व्हय त्या? आत्याबाई म्हनायच्या, लई जड पोरगी हुती." आणि दारातून बाजूला होत म्हणाली, "या की आत."